एकाच चुलीवरची दोन दुखणी



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत जा, असे एक घर हमखास सापडते. घरात सासू आहे. वय पन्नाशीच्या पुढे. अंग सुटले आहे, गुडघे धरले आहेत, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. साखरेची आणि रक्तदाबाची गोळी सुरू आहे. त्याच घरात सून आहे. वय पंचवीस-सव्वीस. दोन बाळंतपणे झाली आहेत. डोळ्यांची आतली कड पांढरी पडली आहे, खुरपायला वाकली की अंधारी येते. सासूला दवाखान्यात सांगतात, 'वजन कमी करा.' सुनेला सांगतात, 'अंगात रक्त नाही, नीट खा.' दोघी एकाच एस.टी.ने घरी येतात आणि रात्री एकाच चुलीवरचे जेवतात. घरातला कर्ता माणूस डोक्याला हात लावून म्हणतो, "एकीला कमी खा म्हनतेत, दुसरीला जास्त खा म्हनतेत. मग घरात शिजवावं तरी काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, दोघींसाठी दोन स्वयंपाक करण्याची गरज नाही. दोघींच्या दुखण्याचे मूळ बऱ्याच अंशी एकाच ताटात आहे आणि ते एक ताट सुधारले तर दोघींनाही गुण येतो. औषध डॉक्टरांनी द्यायचे, पण ताट आपल्याच हातात आहे. आज ते ताट आपण तपासून पाहू.

गरिबाला कसले वजन?

आपल्या समाजात अजून एक गैरसमज घट्ट बसला आहे. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब हे पैसेवाल्यांचे रोग, कष्टकऱ्याला ते होत नाहीत, असे आपण मानतो. उलट अंगाने भरलेली बाई दिसली की 'खात्यापित्या घरची' म्हणून कौतुक करतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी उपास काढले, त्यांना भरलेले अंग म्हणजे सुख वाटावे यात नवल नाही. पण आता काळ बदलला आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्राचे आकडे पाहा. १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २१ स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या आणि सुमारे २३ स्त्रिया प्रमाणापेक्षा जाड निघाल्या. रक्त कमी असलेल्या निघाल्या ५४. म्हणजे बारीक आणि जाड यांची संख्या जवळजवळ सारखीच, आणि रक्त मात्र निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात नाही. यातून एक गोष्ट उघड होते. जाड बाई म्हणजे सकस खाणारी बाई नव्हे. अंगावर चरबी असून अंगात रक्त नसणे, ही अवस्था आज घरोघरी आहे.

आपला जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपला जिल्हा असे चारच जिल्हे त्यात घेतले गेले. आरोग्य आणि पोषण हा त्या कार्यक्रमाचा मोठा भाग आहे. यादीत नाव गेले याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण तिकडून कोणी येईल आणि आपले ताट वाढून देईल, अशी वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही.

रोगाच्या बाबतीत गाफील राहू नये, हे आपण बाबासाहेबांच्या आयुष्यावरूनही शिकले पाहिजे. मधुमेहाने त्यांचे शरीर किती पोखरले हे आपण जाणतो. १९४८ साली त्यांचा विवाह माईसाहेबांशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांचे पथ्यपाणी व इन्शुलिन यांकडे त्या स्वतः लक्ष देत. औषधाबरोबर ताटही सांभाळावे लागते, हे त्या घराला कळले होते. आपल्या घरांनाही ते कळले पाहिजे.

आपले ताट कसे बदलले?

कळंब तालुक्यातील खामसवाडीचे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचे पुस्तक २०१५ साली लिहिले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या जुन्या खाण्याची त्यात नोंद आहे. २०२४ साली ते इंग्रजीतही आले. दूध-तुपाशिवाय, वाट्याला आलेल्या वस्तूंतून आपल्या आज्या-पणज्यांनी लेकरे कशी जगवली, हे त्यातून समजते. त्या खाण्यामागे जातीची सक्ती होती आणि दारिद्र्य होते, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते दिवस परत नकोत. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या ताटात पोट भरण्यासाठी जवारीची भाकरी होती आणि तिच्या जोडीला काहीतरी कस असलेले होते. कधी हुलग्याचे माडगे, कधी येसूर लावलेले कालवण, कधी रानातली चिवळ, घोळ, पाथरी, तांदुळजा, कधी वजडी, तर कधी सुकवलेले मांस.

१९७२ च्या दुष्काळाने हे ताट पहिल्यांदा हादरले. ज्यांनी ते वर्ष काढले त्यांना दुष्काळी कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो अजून आठवते. पुढे शिवारात सोयाबीन आले आणि खरिपाची जवारी मागे हटली. रेशनवर गहू आणि तांदूळ आला. २०१५ साली राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कमी पैशात मिळणारे मांस अनेक घरांतून गेले. रानातल्या भाज्या तणनाशकाने करपल्या. एकेक करून कस गेला. उरला भात, चपाती आणि वर पातळ कालवण. ती पोकळी भरून काढायला दुकानदाराने दारात काय आणून ठेवले? पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी, बिस्किटाचा पुडा, खारी, टोस्ट आणि गोड चहा.

येथे काही जण म्हणतील, दोष रेशनच्या धान्याचा आहे. हे खरे नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. आता हिशेब करा. महिन्याला ५ किलो म्हणजे माणशी दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याने कोणी जाड होत नाही. प्रश्न वेगळाच आहे. धान्य मोफत झाल्याने जो पैसा वाचला, तो डाळीकडे गेला की पुडीकडे? प्रत्येक घराने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पोट भरते, अंग भरत नाही

भात, चपाती, साखर आणि तेल यांतून शरीराला ताकद मिळते, म्हणजे चुलीला सरपण मिळते. पण चूल बांधायला माती लागते, भेग बुजवायला लिंपण लागते. शरीराची बांधणी आणि दुरुस्ती डाळ, कडधान्य, अंडी, दूध, मासे, मांस यांतून होते. भाजीपाला आणि फळे यांतून लोह, चुना, जीवनसत्त्वे मिळतात. आपल्या ताटात सरपण भरपूर आणि माती नाही, अशी स्थिती आहे.

सासूबाईंचे पूर्वीचे दिवस आठवा. विहिरीचे पाणी, जात्यावरचे दळण, सरपणाची मोळी, दिवसभराची खुरपणी. तेव्हा तीन भाकरी खाल्ल्या तरी त्या संध्याकाळपर्यंत जळून जात. आता नळ दारात आला, पिठाची गिरणी आली, गॅस आला. हे चांगलेच झाले. पण काम अर्ध्यावर आले आणि भाताचे माप तेच राहिले. दिवसातून चार-पाच वेळा चहा सुरू झाला. जे सरपण जळत नाही ते शरीर चरबी करून साठवते, आणि त्यातही पोटाभोवती साठवते. पोटाभोवतीची ही चरबी साखर आणि रक्तदाब वाढवायला कारण होते.

सुनेचे काय होते? ती पहाटे काळ्या किंवा गोड चहावर कामाला जाते. ऊसतोडीच्या फडावर असेल तर अंधारातच निघते. दुपारी गार भाकरी आणि ठेचा. रात्री सगळ्यांचे झाल्यावर ती जेवायला बसते. तोवर पातेल्यात डाळीचे वरचे पाणी उरलेले असते, अंडे संपलेले असते. ती भातावर ते पाणी घेऊन पोट भरते. पोट भरते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिच्याही लक्षात येत नाही. पुढे चाळिशीत काम कमी झाले की हीच सून भात आणि चहावर जाड होते. म्हणजे आजची बारीक सून ही उद्याची जाड सासू आहे. ताट मात्र तेच.

चांगले ताट म्हणजे किती आणि काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या देशात माणसाच्या एकूण ताकदीपैकी ५० ते ७० टक्के धान्यातूनच येते. ती ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी संस्थेने माप दिले आहे ते असे: धान्य सुमारे २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारखे पदार्थ ३५ ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम.

हे ऐकून आपल्या भगिनी हसतील. पाच माणसांच्या घरात याप्रमाणे महिन्याला पावणेतेरा किलो डाळ लागेल. मजुरीच्या पैशात ती कशी आणायची? म्हणून हे माप एका दिवसात गाठायचे नाही. दिशा लक्षात ठेवायची. डोळ्यांनी ताटाचे माप असे घ्यावे: ताटाचा अर्धा भाग भाजी, पालेभाजी, कच्चे आणि फळ. पाव भाग भाकरी किंवा भात. उरलेला पाव भाग घट्ट डाळ, उसळ, अंडे किंवा मांस-मासा. आपल्याकडे आज हे उलटे आहे. तीन भाग भात आणि कडेला चमचाभर भाजी. आधी ती भाजी दुप्पट करा आणि भात एक पळी कमी करा. सुरुवात एवढ्यापासून होते.

काही गोष्टी वाढवण्यासाठी पैसा लागतो, पण काही गोष्टी कमी करण्याने पैसा वाचतो. त्यांचा हिशेब महिन्याच्या किराण्यावरून करता येतो.

तेल. माणशी २७ ग्रॅम धरले तर पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलोच्या आसपास तेल पुरे. तुमच्या घरी किती येते ते पाहा.

मीठ. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. पाच जणांचे महिन्याला पाऊण किलो होते. पापड, लोणचे, फरसाण, पुडीतले मीठही त्यातच धरायचे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी वरून मीठ घेऊ नये.

साखर. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाला चार कप चहा म्हणजे ४० ग्रॅम. एका माणसाची महिन्याला सव्वा किलो साखर नुसती चहात जाते. वरची मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅमची आहे. चहा दोन कपांवर आणा, साखर एक चमचा करा. आठ-पंधरा दिवस चहा कडू लागेल, पुढे जीभ वळते. गूळ घातला म्हणजे चालते असे समजू नका. मधुमेह्याला गूळ आणि साखर सारखेच.

वाचलेल्या पैशातून काय आणावे?

जवारी. भाकरी ही गरिबाची खूण, चपाती ही सुधारलेल्यांची, असे आपण मनात धरले आहे. ते काढून टाका. शंभर ग्रॅम जवारीत तंतू सुमारे दहा ग्रॅम असतात, पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नाहीत. जवारीत लोह चार मिलिग्रॅमच्या आसपास आहे, तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. भाकरीने पोट लवकर भरते आणि उशिरापर्यंत भरलेले राहते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि शहरातले लोक जवारी महाग घेऊन खाऊ लागले. आपल्या मातीतले धान्य आपल्याच ताटातून जाऊ देऊ नका. निदान एका वेळेला तरी भाकरी असावी. मात्र भाकरी आहे म्हणून चार खाऊ नयेत. माप तिथेही आहेच.

हुलगे, मटकी, हरभरा. मोड आणून उसळ केली तर थोड्या कडधान्याची जास्त भाजी होते आणि पचायलाही सोपी जाते. डाळ पातळ करून सर्वांना पुरवण्यापेक्षा घट्ट करून वाटीने वाढा.

सोयाबीन. जिल्हाभर सोयाबीन पिकते, पोती भरून आडतीवर जाते, पण ताटात येत नाही. त्याच्यात डाळीपेक्षाही जास्त प्रथिने आहेत. कच्चे सोयाबीन मात्र खायचे नाही, ते बाधते. धुऊन, भिजवून, वीस मिनिटे चांगले उकळून, कडक उन्हात वाळवून घ्यावे आणि नऊ किलो जवारी किंवा गव्हात एक किलो या मापाने दळून आणावे. भाकरीची चव फारशी बदलत नाही.

अंडी. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. पुडीवर रोज जाणारे पैसे आठवडाभर साठवले तर लेकरांना आणि सुनेला अंडी सहज येतात. वस्तीत मटण, कोंबडी आणली तर कलेजी आधी जिच्या अंगात रक्त कमी आहे तिच्या ताटात वाढा. आपली उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे, पण शेळी विकल्याच्या दिवशीही घरात कांद्याचे कालवणच होते. त्या दिवशी तरी लेकराबाळांना चार घास कसाचे मिळाले पाहिजेत.

पालेभाजी. शेवग्याचा पाला, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, तांदुळजा, चिवळ, घोळ या भाज्या कमी पैशात किंवा फुकट मिळतात. हरभऱ्याचा पाला हिवाळ्यात वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात कामी येतो. मात्र ज्या रानात तणनाशक मारले आहे तिथला पाला तोडू नका. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. जेवल्यावर लगेच चहा घेऊ नका. चहाने तेच लोह वाया जाते. फळ म्हणजे सफरचंदच पाहिजे असे नाही. बोरे, पेरू, सीताफळ, पपई, केळी ही आपली फळे. मधुमेह्याने सीताफळ आणि केळी जपून खावी, पेरू चालतो.

कोणाच्या हातात ताट आहे?

येथे आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण सांगितले पाहिजे. १९९३ च्या भूकंपाने उमरगा-लोहारा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था येथील स्त्रियांमध्ये रुजली. या संस्थेच्या स्त्रियांनी पुढे एक साधी मागणी घरात केली. सगळी जमीन विक्रीच्या पिकाला नको, त्यातला एक तुकडा, फार तर एक एकर, आमच्याकडे द्या. त्यात त्यांनी धान्य, डाळी, भाजीपाला असे घरात खायचे पीक घेतले. आधी घरात, मग बाजारात. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांनी हे काम गावोगावी नेले. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आपल्यापैकी बहुतेकांकडे एक एकर सोडा, एक गुंठाही नाही. मग याचा आपल्याला काय उपयोग? उपयोग असा की, त्या स्त्रियांनी जमीन मागितली, पण खरे तर त्यांनी निर्णय मागितला. काय पिकवायचे, आधी कोणी खायचे, हे ठरवण्याचा अधिकार मागितला. तो अधिकार भूमिहीनाच्या घरातही मागता येतो. नहाणीच्या पाण्यावर एक शेवगा वाढतो. पत्र्यावर भोपळ्याचा, दोडक्याचा वेल चढतो. जुन्या गोणीत माती भरून मेथी, पालक, टोमॅटो होतो. बचत गटांमार्फत 'माझी पोषण परसबाग' मोहीम चालते, तिची चौकशी करा.

आणि बंधूंनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. सुनेच्या अंगात रक्त नाही म्हणून गोळ्या आणता, हे चांगलेच आहे. पण ती सर्वांच्या मागून जेवते ही प्रथा आपण कुठून आणली? बावीस प्रतिज्ञा घेताना समता आणण्याचे वचन आपण दिले. ती समता ताटात आली नाही तर ती कुठे येणार? सर्वांनी एकत्र बसावे, वाढून घ्यावे आणि डाळ-अंडे आधीच सारखे वाटावे. यासाठी एक पैसाही लागत नाही.

वजन कमी करताना

आधी मोजा. शिलाई मशीनची टेप घ्या आणि बेंबीच्या थोडे वर, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा. स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर सावध व्हा. वजनाचा अंदाजही करता येतो. १५० सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना थोडी कमी उंची असलेल्या स्त्रीचे वजन साधारण ४२ ते ५२ किलोच्या दरम्यान असावे.

महिन्याला एक-दोन किलो कमी झाले तरी पुष्कळ. पंधरा दिवसांत दहा किलो उतरवून देतो म्हणणाऱ्याच्या डब्यांवर मजुरीचे पैसे घालवू नका. उपाशी राहू नका. उपाशी माणूस संध्याकाळी दुप्पट खातो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे हलके खाणे हाही भ्रम आहे. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर तेल आणि शेंगदाणे. रोज अर्धा-पाऊण तास पाय मोकळे करा. संध्याकाळी विहारात जाताना गाडीवर न बसता चालत गेलात तरी चालण्याचा बराच भाग होऊन जातो. रात्रीचे जेवण लवकर उरका.

साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्धही पडतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळ-अंड्याचे माप डॉक्टरांकडूनच घ्यावे. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा आणि घरातल्या पुरुषांनाही न्या. सुनेचे हिमोग्लोबिनही त्याच दिवशी तपासून घ्या.

राजाचा सुदस्सन, आपली लेक

सिद्धार्थ गौतमाने शरीर वाळवून पाहिले आणि त्याने काही साधत नाही हे कळल्यावर सुजातेची खीर घेतली, हे आपण जाणतो. दुसरी गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते. ती संयुत्तनिकायात आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खात असे. एकदा तो असाच जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, उपाशी राहायला सांगितले नाही. जेवणात माप ओळखावे, एवढाच उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला सांगितला आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्याचे काम दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. त्याचे शरीर हलके झाले आणि त्याने समाधानाने स्वतःच्या अंगावरून हात फिरवला.

या गोष्टीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. माप हळूहळू उतरले, एका दिवसात नाही. आणि राजालाही आठवण करून देणारे कोणीतरी लागले. आपल्या घरात सुदस्सन ठेवायला पैसे नाहीत, पण शाळेत जाणारी लेक आहे. तिला रविवारी हा लेख वाचायला द्या आणि जेवताना घरच्यांना तीनच प्रश्न विचारायचे काम द्या. ताटात भाजी किती आहे? आजीचा आज कितवा चहा? आणि आईच्या ताटात डाळ आली का?

तिसऱ्या प्रश्नाला घरातला कोणीही गप्प बसला, तर त्याने आपल्या वाटीतली डाळ उचलून तिच्या ताटात घालावी. एकाच चुलीवरची ही दोन दुखणी तिथूनच उतरायला लागतील.

जयभीम.